मॉडेल मालगाडीची साखळी आणि दोर : माल २० रुपयांचा, मग किंमत ४० की १२०?



व्हिडिओत साखळी वळताना आणि दोर लावताना हात दिसतात, पण मापं आणि हिशोब लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी एक छोटा गृहपाठ आहे.

आधी ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेची ठराविक प्रमाणात लहान केलेली हुबेहूब प्रतिकृती. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. ते बघितलंत तर हा लहान मुलांचा खेळ नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मोठी माणसं, अगदी निवृत्त झालेले इंजिनिअरसुद्धा, घरी असे रूळ मांडतात, डबे जमवतात. विकत आणलेला डबा चांगला असतो, पण नवा कोरा आणि रिकामा असतो. त्यावर लादलेला माल, तो बांधलेली साखळी, ताडपत्रीवरचा दोर, थोडा गंज, हे आलं की तो डबा खरा वाटायला लागतो. ही बारीक सजावट बनवायची म्हणजे डोळे आणि संयम लागतो. अनेक हौशी मंडळींकडे पैसे असतात, पण वेळ नसतो. तिथे आपला घरगुती उद्योग उभा राहू शकतो.

भांडवल किती लागतं? खरंच थोडं. पण कमी भांडवलाच्या धंद्यात एक खड्डा असतो. माल स्वस्त म्हणून किंमतही स्वस्त लावली जाते, आणि सहा महिन्यांनी लक्षात येतं की आपण फुकट राबतोय. आज साखळी कशी बनवायची ते शिकू आणि तिची किंमत कशी काढायची तेही शिकू. दुसरा भाग वगळू नका.

पहिली पायरी : आधी नीट बघा

आपण पनवेलकर या बाबतीत नशीबवान आहोत. न्हावा-शेवाच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर रोज आपल्या रस्त्यावरून जातात. कळंबोलीच्या लोखंड-पोलाद मार्केटच्या बाहेर उभं राहिलात तर पत्र्याची गुंडाळी, सळ्या, गर्डर कसे बांधतात ते फुकट बघायला मिळतं. साखळी कुठून कुठे जाते, कुठे ताणलेली असते, उरलेलं टोक कुठे लोंबतं, ताडपत्रीवर दोर कसा आडवा-तिडवा टाकतात, हे वहीत काढून घ्या. ड्रायव्हर भाऊंना विचारून मोबाईलवर फोटो काढा. रेल्वेच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय शिरू नका. रूळ ओलांडून फोटो काढणं तर नकोच.

रायगड जिल्ह्यातच दुसरं उत्तम उदाहरण आहे : कोलाड. कोकण रेल्वेची रो-रो सेवा तिथून १९९९ मध्ये सुरू झाली. मालाने भरलेला ट्रक तसाच्या तसा सपाट वाघिणीवर चढवायचा आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. पुढे कर्नाटकात सुरतकलपर्यंतही ही सेवा गेली. मॉडेल करणाऱ्यांना ही गाडी आवडते, कारण एकाच डब्यावर रेल्वे आणि ट्रक दोन्ही दाखवता येतात. ट्रकवरची ताडपत्री आणि तिचा दोर म्हणजे आपलं काम.

आता एक महत्त्वाची गोष्ट. सगळ्या डब्यांना साखळी लागत नाही. कंटेनर वाहणाऱ्या वाघिणीवर कंटेनरचे चार कोपरे खालून लॉकमध्ये बसतात, त्यांना वरून साखळी बांधत नाहीत. तुम्ही कंटेनरला साखळ्या गुंडाळून फोटो टाकलात तर जाणकार गिऱ्हाईक तिथेच हसून पुढे जाईल. लाकडाचे ओंडके, यंत्रं, ट्रॅक्टर, लष्करी वाहनं, क्रेनचा हुक अशा ठिकाणी साखळी शोभते. कोणत्या डब्यासाठी हवं आहे हे गिऱ्हाइकाला आधी विचारा. तेवढ्या एका प्रश्नाने समोरच्याला कळतं की या माणसाला काम समजतं.

दुसरी पायरी : प्रमाणाचं गणित

घाबरू नका, फक्त भागाकार आहे. जगात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. खरी वस्तू ८७ मिलिमीटर असेल तर मॉडेलमध्ये ती १ मिलिमीटर. त्याशिवाय ओओ म्हणजे १:७६ आणि एन म्हणजे १:१६० हीही चालतात.

ट्रेलरवर माल बांधायला १० मि.मी. जाडीच्या सळीची साखळी घेतली असं धरू. तिच्या कडीची आतली लांबी ३० मि.मी. आणि बाहेरची रुंदी साधारण ३५ मि.मी. असते. आता ३५ ला ८७ ने भागा. उत्तर येतं ०.४ मि.मी. म्हणजे एचओ मॉडेलवरची साखळी जेमतेम ०.४ मि.मी. रुंद हवी. तुमच्या पेनच्या रिफिलच्या टोकापेक्षाही बारीक.

इथे बहुतेक जण इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात जातात आणि "सगळ्यात नाजूक चेन द्या" म्हणतात. कल्पना बरोबर आहे, पण मोजून घ्या. पट्टी लावून एका इंचात किती कड्या बसतात ते मोजा.

- इंचात ४० कड्या : प्रत्येक कडी ०.६३५ मि.मी. एचओमध्ये ती खऱ्या ५५ मि.मी. कडीएवढी दिसते, म्हणजे आपल्याला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट. क्रेनच्या जड साखळीला चालेल, ट्रक बांधायला जाड दिसेल. हीच साखळी १:४८ च्या मोठ्या मॉडेलवर मात्र अगदी मापात बसते.
- इंचात २७ कड्या : एचओला फारच जाड. पण १:३२ च्या मॉडेलला बरोबर.

म्हणजे जाड साखळी वाईट नाही, ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची आहे. डब्यांवर "४० कडी", "२७ कडी" असं लिहून वेगवेगळी ठेवा. घेताना साध्या अंड्याकृती कड्यांची घ्या. पिळून चपट्या केलेल्या कड्यांची साखळी दागिन्यावर छान चमकते, पण मालगाडीवर खोटी वाटते.

तिसरी पायरी : तारेची साखळी

मग एचओसाठी ०.४ मि.मी. ची साखळी आणायची कुठून? पंखे आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानातून! तिथे तांब्याची वार्निश केलेली तार वजनावर मिळते. ३६ गेजची तार मागा. ती सुमारे ०.१९ मि.मी. जाड असते. दोन पदर एकत्र पिळले की रुंदी होते ०.३९. बरोबर आपलं माप! ओओसाठी ३४ गेज आणि एनसाठी ४० गेज घ्या.

पिळलेल्या तारेचा प्रत्येक अर्धा वळसा लांबून एका कडीसारखा दिसतो. मॉडेल हातभर अंतरावरून बघतात, तेवढ्याला हे पुरतं.

कृती अशी :

१. एक मीटर तार कापा. मधोमध दुमडून दुमड एका खिळ्यात अडकवा. आता ५० सें.मी. चे दोन पदर झाले.

२. दोन्ही मोकळी टोकं हातड्रिलच्या किंवा बॅटरीच्या स्क्रूड्रायव्हरच्या तोंडात घट्ट पकडा. तार सरळ राहील एवढाच ताण ठेवा.

३. सावकाश फिरवा. साधारण ४०० फेरे लागतात. मिनिटाला २०० फेरे फिरणारा स्क्रूड्रायव्हर असेल तर दोन मिनिटं. दर सेंटीमीटरला ८-९ पूर्ण पीळ दिसले की थांबा. त्यापुढे गेलात तर तार तुटते.

४. ताण एकदम सोडू नका. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण तांब्याची तार सोडली की थोडी उलटी फिरतेच. हलकेच सैल करा.

५. पीळ बसल्यावर तार चार-पाच सें.मी. आखूड होते. उरलेल्या ४५ सें.मी. मधून ६ सें.मी. चे सात तुकडे निघतात. एचओमध्ये ६ सें.मी. म्हणजे खरे सव्वापाच मीटर. वाघिणीच्या एका कडेपासून मालावरून दुसऱ्या कडेपर्यंत आरामात पोचतं.

६. सपाट पक्कडीने अगदी हलका दाब देत तुकडा एकदा चपटा करा. लाटण्यासारखा जोर नको. पापड दाबतो तेवढाच.

७. टोकाला हुक हवा असेल तर शेवटचे ३ मि.मी. शिवणाच्या सुईभोवती वळवा आणि गोंदाचा थेंब लावा.

ड्रिल चालवताना केस बांधा, पदर किंवा ओढणी खोचून घ्या. तार तुटली तर टोक उडतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. घरात लहान मूल असेल तर तारेचे बारीक तुकडे लगेच डबीत टाका.

आता एक प्रामाणिकपणाची गोष्ट. ही खऱ्या कड्यांची साखळी नाही, आणि ते पाकिटावर लिहायचं : "पिळाची साखळी, लांबून बघण्यासाठी". काही गिऱ्हाइकं मोबाईलवर झूम करून फोटो काढतात, त्यांना ४० कडीवाली खरी साखळी दाखवा. दोन माल, दोन किमती. एकाच्या नावावर दुसरा खपवला तर माल परत येतो, आणि हौशी मंडळींचं जग लहान असतं, बातमी लगेच पसरते.

चौथी पायरी : गंज चढवा

चकचकीत तांब्याची साखळी कुठल्याही मालगाडीवर नसते. आधी वार्निशवर बारीक पॉलिश पेपर एकदा ओढा म्हणजे रंग धरेल. मग काळ्या अॅक्रिलिक रंगात पाणी घालून पातळ करा आणि तुकडे त्यात बुडवून बाहेर काढा. दाट रंग लावू नका, पिळाच्या खाचा बुजतात आणि साखळीची काडी होते.

वाळल्यावर गेरू घ्या. हो, तोच, जो आपण कुंड्यांना आणि रांगोळीखाली लावतो. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे असतो, आणि गंज म्हणजे तरी दुसरं काय? म्हणून तो गंजासारखा दिसतो, कारण जातकुळी एकच आहे. कोरड्या ब्रशने चिमूटभर गेरू साखळीवर फिरवा, जास्तीचा झटकून टाका. दहा रुपयांचा गेरू वर्षभर पुरेल.

पाचवी पायरी : दोर

दोराच्या बाबतीत नवशिके एक गोष्ट हमखास करतात. तीन दोरे घेऊन छान वेणीसारखा पीळ घालतात. दिसतं सुंदर, पण माप बघा. ताडपत्रीवरचा खरा दोर समजा २० मि.मी. जाड आहे. एचओमध्ये तो होतो ०.२३ मि.मी. म्हणजे शिवणाच्या मशीनचा एकपदरी दोराच पुरे! तीन पदर पिळले तर मॉडेलवर जहाज बांधायचा दोर दिसेल.

दोऱ्याची जाडी मोजायला महागडं यंत्र नको. पेन्सिलीवर २० वेढे एकाला एक चिकटून गुंडाळा, पट्टीने एकूण रुंदी मोजा आणि २० ने भागा. समजा ४.४ मि.मी. आली, तर दोरा ०.२२ मि.मी. त्याला ८७ ने गुणा, खरे १९ मि.मी. झाले. पास! बाजारात जाताना पेन्सिल आणि पट्टी पिशवीत ठेवा. दुकानदार दादा जरा विचित्र नजरेने बघतील, बघू द्या.

रंगाचं सांगायचं तर, जुन्या काळातली गाडी असेल तर काथ्याच्या सुंभाचा तपकिरी रंग घ्या. आजचा ट्रक असेल तर नायलॉनचा निळा, हिरवा किंवा पिवळा, पण थोडा मळलेला. सुती दोऱ्यावर बारीक लव असते, ती मॉडेलवर दोराला केस उगवल्यासारखी दिसते. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा दोन-तीनदा ओढा, लव बसते. रंगवायचा असेल तर आधी रंगवा, मग मेण लावा. मेणावर रंग धरत नाही.

दुसरी अडचण लोंबण्याची. खरा दोर सैल सोडला की वजनाने खाली झुकतो. मॉडेलवरचा दोरा मात्र तारेसारखा हवेत ताठ उभा राहतो. कारण सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ८७ पट लहान झाल्या की वजन ८७ × ८७ × ८७ म्हणजे साडेसहा लाख पटींहून जास्त कमी होतं, पण दोऱ्याचा ताठरपणा त्या मानाने तेवढा कमी होत नाही. म्हणून झोक आपल्यालाच द्यावा लागतो. लोंबता दोर हवा असेल त्या तुकड्याला मेण लावू नका. पांढरा गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं करा, दोरा भिजवा, दोन टाचण्यांमध्ये हवा तसा झोक देऊन टांगा, मध्ये ओल्या काडीने हलकेच खाली ओढा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी झोक कायमचा. तारेच्या साखळीला हा त्रास नाही, बोटाने वाकवली की तशीच राहते.

लक्षात ठेवा : माल बांधलेली साखळी ताठ, उरलेलं टोक सैल. दोन्ही एकाच डब्यावर दिसलं की बघणारा मान डोलावतो.

डब्यावर चिकटवताना झटपट चिकटणारा गोंद सुईच्या टोकाने लावा, बाटलीतून थेट नको. जास्त झाला तर प्लॅस्टिकवर पांढरी धूर बसल्यासारखी छटा येते, आणि गिऱ्हाइकाचा डबा महाग असतो. खिडकी उघडी ठेवा.

सहावी पायरी : आता खरा प्रश्न, किंमत

प्रशिक्षणात हा संवाद ठरलेला असतो.

"सर, दोराच काय तो! त्याचे किती घेणार?"

"ताई, तुम्ही दोरा विकताय का?"

"नाही, पण सामान तर तेवढंच आहे ना."

चला, मांडूया हिशोब. खालचे भाव उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे टाका. एका पाकिटात काय : ६ सें.मी. च्या चार तयार साखळ्या आणि एक मीटर तयार दोर. एका वेळी १० पाकिटं बनवायची. म्हणजे ४० तुकडे, म्हणजे सहा मीटर तार.

तारेपासून सुरू करू. ३६ गेजच्या १०० ग्रॅम तारेत सुमारे ३७५ मीटर तार असते. १०० ग्रॅमचे १५० रुपये धरले तर सहा मीटरचे होतात सुमारे अडीच रुपये. एका पाकिटातली तार पंचवीस पैशांची! बघा, ज्या वस्तूच्या भावासाठी आपण तीन दुकानं फिरतो, तिची किंमत पंचवीस पैसे.

आता १० पाकिटांचा पूर्ण खर्च :

- तार : ३ रुपये
- दोरा : ७ रुपये
- रंग, गेरू, मेण, गोंद : ६० रुपये
- तुटलेला, वाया गेलेला माल : ३० रुपये
- पाऊच, कार्ड, लेबल : १०० रुपये
- हत्यारांची झीज, वीज : ५० रुपये
- बनवायला ४ तास, पॅकिंगला १ तास, फोटो-मेसेज-कुरिअरला १ तास, एकूण ६ तास, तासाला १०० रुपये : ६०० रुपये

बेरीज ८५० रुपये. एका पाकिटाला ८५.

यातला माल किती? पाऊचसकट २० रुपये. झीज ५. आणि वेळ ६० रुपये.

आता बघा काय होतं. "माल २० चा, मी ४० ला विकते, डबल झाले" असं म्हणणाऱ्या ताईंच्या हातात झीज आणि माल वजा जाता १५ रुपये उरतात. त्या १५ रुपयांसाठी त्यांनी ३६ मिनिटं डोळे फोडले. तासाला पडले २५ रुपये. विक्री वाढली की त्रास वाढतो, मिळकत वाढत नाही. आणि घरातले म्हणतात, "काय तो उद्योग तुझा, वेळ घालवतेस." मित्रांनो, अशाने चांगले हात काम सोडतात. हातात कला असते, गिऱ्हाईकही असतं, चुकते ती फक्त बेरीज.

मग विकायचं कितीला? ८५ हा फक्त खर्च आहे. त्यात तुमची मजुरी आली, पण धंद्याचा नफा नाही आला. विक्री किमतीवर ३० टक्के नफा हवा असेल तर ८५ ला ०.७ ने भागा, १२१ येतात. १२० ठेवा. कित्येक जण ८५ वर ३० टक्के चढवतात आणि ११० लावतात. तो विक्रीवर ३० टक्के नफा होत नाही, २३ च्या आसपास होतो. कुरिअर वेगळं घ्या. वेबसाइटवर विकत असाल तर त्यांचं कमिशन याच नफ्यातून जाणार, ते आधी विचारून घ्या.

खर्च कमी करायचा तर कुठे?

इथे खरी धंद्याची अक्कल लागते. समजा वाइंडिंगवाल्या काकांनी उरलेली तार तुम्हाला कायमची फुकट दिली. पाकिटामागे वाचले पंचवीस पैसे. छान, काकांना चहा पाजा. पण आता दुसरं बघा.

एका फळीवर खिळे ठोका आणि सहा तारा एकाच वेळी ताणून ठेवा. एक पिळून झाली की लगेच दुसरी. फळीवर ६ सें.मी. च्या खुणा करून ठेवा म्हणजे प्रत्येक तुकडा मोजायला नको. चाळीसही तुकडे एका चिकटपट्टीवर ओळीने लावा आणि एकदमच रंगात बुडवा. पहिल्या दिवशी फक्त पीळ, दुसऱ्या दिवशी फक्त रंग, तिसऱ्या दिवशी फक्त पॅकिंग. बनवायचे चार तास अडीचवर आले तर दीड तास वाचला, म्हणजे १५० रुपये. पाकिटामागे १५ रुपये. खर्च ८५ वरून ७० वर.

पंचवीस पैसे आणि पंधरा रुपये. दुकानं फिरण्यात जाणारा वेळ फळी बनवण्यात घाला.

मग किंमत कमी करायची का? मी तर म्हणेन लगेच नको. आधी त्या वाचलेल्या पैशांतून चांगलं भिंग आणि टेबल-लॅम्प घ्या. डोळे आपले आहेत, ते परत मिळत नाहीत.

गिऱ्हाईक कुठे?

मॉडेल रेल्वेवाले मोजके असतात, हे मान्य करून चाला. पण हेच कौशल्य दुसरीकडेही विकलं जातं. दिवाळीत आपल्याकडे गल्लोगल्ली किल्ले होतात, तिथे तोफेची साखळी आणि विहिरीचा दोर लागतो. गणपतीच्या देखाव्यात जहाज, बैलगाडी, क्रेन असते. इमारतींची मॉडेलं बनवणारे आर्किटेक्ट असतात, प्रोजेक्ट करणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असतात. माप बदलतं, फळी तीच राहते. पाकिटावर प्रमाण ठळक लिहा : १:८७, १:७६, १:४८. गिऱ्हाइकाला अंदाज करायला लावू नका.

फोटो काढताना साखळी नुसती कागदावर ठेवून काढू नका. डब्यावर बांधलेली दाखवा, आणि शेजारी पट्टी ठेवा. बारीक वस्तूच्या धंद्यात पट्टी म्हणजे विश्वास.

कागदपत्रांचं थोडं

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. आधार आणि पॅन लागतं. कोणी एजंट त्याचे हजार-दोन हजार मागत असेल तर हात जोडा आणि स्वतः करा. जीएसटीचं असं आहे की महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण दुसऱ्या राज्यात वस्तू पाठवायला लागलात की नियम बदलतो, बहुतेक वस्तूंना उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, तुमची वस्तू त्यात बसते का हे सीएंना विचारा. आणि हे पहिलं पार्सल बंगळुरूला पाठवण्याआधी विचारा, नंतर नको.

गृहपाठ

या आठवड्यात फक्त एक वेळा १० पाकिटं करा. विकू नका. मोबाईलचं घड्याळ लावा आणि प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते लिहा : पीळ, कापणं, रंग, दोर, पॅकिंग. मग वरची यादी तुमच्या आकड्यांनी भरा. पाकिटाचा खर्च काढा आणि ०.७ ने भागा. जो आकडा येईल तो आरशासमोर उभं राहून न अडखळता तीनदा म्हणा. हसू नका, पहिल्या गिऱ्हाइकाला सांगताना जीभ तिथेच अडखळते.

गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्याशा साखळीचे १२०?" तर काय सांगाल? सांगा, "दादा, तार पंचवीस पैशांची आहे, ती तुम्हाला फुकट देते. बाकीचे पैसे माप, गंज आणि वेळेचे आहेत." त्यातले निम्मे हसून पैसे देतील. उरलेले तार घेऊन घरी जातील, एक संध्याकाळ पिळत बसतील आणि पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतील.

करून बघा, आकडे कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहित राहा!